सभाधीटपणाचा पाठ वर्गातच

लोकशाही राज्यव्यवस्थेत नागरिकाला मत देण्याचा अधिकार असतो. तसाच आपले म्हणणे चारचौघांत मांडण्याचाही अधिकार असतो. पहिला अधिकार मतदान केंद्रावर क्षणभरात बजावता येतो. दुसरा बजावण्यास पूर्वतयारी लागते. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या योजनेवर चर्चा चालू असताना ज्याला उठून चार वाक्ये सुसंगतपणे बोलता येतात, त्याच्या वस्तीचा विचार होतो. ज्याला ती बोलता येत नाहीत, त्याची अडचण सभा संपल्यावर पारावर बोलली जाते. इतिवृत्तात तिची नोंद होत नाही.

ही तयारी कोठे व्हावयाची? घरात वडीलधाऱ्यांपुढे मुले बोलत नाहीत आणि सभेत प्रथमच उभे राहणाऱ्याला शिकविण्यास कोणाला सवड नसते. तेव्हा शाळेचा वर्ग हेच तिचे स्वाभाविक स्थान होय. सभाधीटपणा ही काही मोजक्या मुलांना लाभलेली देणगी आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक पोहणे किंवा सुतारकाम याप्रमाणेच ते सरावाने येणारे कौशल्य आहे. रोज थोडा वेळ, सोप्याकडून कठीणाकडे आणि वर्गातील प्रत्येक मुलाकडून सराव करून घेतल्यास ते बहुतेकांना साध्य होते. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष कारणे आहेत.

बोलण्याच्या अधिकाराचा इतिहास

मराठवाड्यात सभेत बोलणे हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. निजामी राजवटीत सार्वजनिक सभा भरविण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक त्या पिढीच्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत दीर्घकाळ राहिले. शिक्षणाच्या वरच्या टप्प्यावर उर्दू माध्यमाचे प्राबल्य होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलाला आपल्या भाषेत विचार मांडण्याचे शिक्षण शाळेत क्वचितच मिळे. अशा परिस्थितीत १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि पुढील वर्षी दुसरे अधिवेशन लातूर येथे झाले. लोकांनी एकत्र यावे, ठराव मांडावेत, त्यांवर बोलावे, ही रीत या परिषदांमधून रुजली.

या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पेशाने शिक्षक होते. हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांमध्ये त्यांनी अध्यापन केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, त्यांच्या प्रेरणेने नांदेड येथे पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे नाव महाराष्ट्रातील श्रेष्ठ वक्त्यांमध्ये घेतले जाते. महाविद्यालयात येण्यापूर्वी ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले तेही औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील एका कार्यक्रमात. त्यांच्या भाषणांचे सामर्थ्य विषयाच्या तर्कशुद्ध मांडणीत होते. शब्दांच्या आतषबाजीवर ती उभी नव्हती. वक्तृत्व म्हणजे चढा आवाज आणि अलंकारिक वाक्ये, ही समजूत दूर करण्यास या जिल्ह्यातील शिक्षकांना दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

लेखी परीक्षेचे यश आणि तोंडी परीक्षेचे दैव

१६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. पुढे शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या गुणवत्ता याद्यांमध्ये येथील विद्यार्थी सातत्याने चमकू लागले आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. नियोजनबद्ध अध्यापन, वारंवार चाचण्या आणि उत्तरपत्रिकांची काटेकोर तपासणी हे या पद्धतीचे मर्म होते. आज वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी शेजारच्या जिल्ह्यांतील मुलेही लातूर व नांदेड येथे येतात.

सरावाने काय साधते याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. मात्र जो सराव लेखी उत्तराच्या वाट्याला आला, तो तोंडी उत्तराच्या वाट्याला आला नाही. शेकडो गुणांची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना अडखळतो, पुढे डॉक्टर झाल्यावर रुग्णाच्या नातेवाइकांना आजार समजावून सांगताना शब्दांसाठी चाचपडतो. बोलण्याचा सराव न झाल्याची ही किंमत असते.

दहावीच्या परीक्षेतील तोंडी गुणांचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन वगळण्यात आले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला. त्यानंतर २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून हे गुण पुन्हा देण्याचा निर्णय झाला. त्या वेळी झालेली चर्चा मुख्यतः निकालाच्या टक्केवारीभोवती फिरली. त्या २० गुणांसाठी मूल प्रत्यक्षात किती वेळा उभे राहून बोलले, हा प्रश्न मागेच राहिला. तो प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावयाचा आहे.

स्पर्धा पुरेशी का नाही

शाळांमध्ये वक्तृत्वाला स्थान नाही, असे म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुले जयंती, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन अशा निमित्तांनी भाषणे होतात, स्पर्धा भरतात, ढाली व प्रमाणपत्रे दिली जातात. या उपक्रमांमुळे शाळेत चैतन्य येते, हेही खरे. परंतु त्यांची मर्यादा उघड आहे. स्पर्धेसाठी वर्गातून एक-दोन मुले निवडली जातात आणि ती बहुधा आधीच धीट असतात. भाषण शिक्षक किंवा पालक लिहून देतात आणि मूल ते पाठ करते. मध्येच एक शब्द विसरला की पुढचे सारे भाषण हातचे निसटते. उरलेली अडतीस मुले टाळ्या वाजविण्याचे काम करतात.

पाठांतराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्याने स्मरण वाढते आणि चांगल्या गद्याची लय कानात बसते. तथापि ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत पाठ केलेले भाषण उपयोगी पडत नाही. तेथे समोरचा काय बोलला हे ऐकून त्याला तत्काळ उत्तर द्यावे लागते. हे कौशल्य वेगळे आहे आणि त्याचा सरावही वेगळाच करावा लागतो.

यासाठी वेळ कोठून आणावा, ही शिक्षकांची अडचण रास्त आहे. तिचा हिशेब मांडून पाहावा. चाळीस मुलांच्या वर्गात रोज पाच मुले प्रत्येकी एक मिनिट बोलली आणि प्रश्नोत्तरांना पाच मिनिटे दिली, तर दहा मिनिटे लागतात. आठ दिवसांत वर्गाची एक फेरी पूर्ण होते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस असतात. परीक्षा व कार्यक्रम यांचे दिवस वगळले तरी प्रत्येक मुलाला वर्षातून वीस वेळा उभे राहून बोलण्याची संधी मिळू शकते. वाडी-तांड्यावरील कमी पटाच्या किंवा बहुवर्ग शाळेत तर ही फेरी तीन-चार दिवसांतच पूर्ण होते. आठवीच्या अखेरीस शंभराहून अधिक वेळा वर्गासमोर बोललेले मूल सभेला घाबरण्याची शक्यता फारच कमी.

सोप्याकडून कठीणाकडे जाण्याचे तत्त्व नवे नाही. प्राचीन ग्रीक व रोमन शाळांमध्ये वक्तृत्वाची एक क्रमवार सरावमाला होती. प्रथम एखादी बोधकथा स्वतःच्या शब्दांत सांगावयाची, मग घटनेचे निवेदन, पुढे दोन गोष्टींची तुलना आणि सर्वांत शेवटी एखाद्या कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध युक्तिवाद, असा तो क्रम होता. पुढे सुचविलेले अभ्यास याच तत्त्वावर आधारलेले आहेत. त्यांना खडू-फळ्यापलीकडे कोणतेही साहित्य लागत नाही.

पहिला अभ्यास : निरोप

बोलण्याची सुरुवात ऐकण्यापासून होते. शिक्षकाने एका मुलाला बाजूला घेऊन तीन तपशील असलेला निरोप सांगावा. उदाहरणार्थ, “उद्या सकाळी आठ वाजता मारुतीच्या देवळापाशी लसीकरण आहे, दोन वर्षांखालील मुलांना आणावे, कार्ड सोबत असावे.” त्या मुलाने तो दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावा. पाचव्या मुलाने तो वर्गापुढे मोठ्याने सांगितला की मूळ निरोपाशी ताडून पाहावे. वेळ, ठिकाण व वस्तू यांपैकी काय गळले आणि काय नव्याने चिकटले, हे मुलांच्याच लक्षात येते. लाजऱ्या मुलांसाठी हा अभ्यास सोयीचा ठरतो. येथे स्वतःचे विचार मांडावयाचे नसतात आणि एका वेळी एकाच जोडीदाराशी बोलावयाचे असते.

दुसरा अभ्यास : शेवटच्या बाकापर्यंतचा आवाज

मुलांना मैदानात दोन रांगांत समोरासमोर उभे करावे. दहा पावलांच्या अंतरावरून प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला एक वाक्य सांगावे आणि जोडीदाराने ते परत म्हणून दाखवावे. मग अंतर पंधरा व वीस पावले करावे. ओरडल्याने आवाज फाटतो आणि शब्द कळत नाहीत. तोंड पुरेसे उघडून, वाक्याच्या आधी श्वास घेऊन व शब्दाचे शेवटचे अक्षर पूर्ण उच्चारून बोलले की तोच आवाज दूर पोहोचतो, हा अनुभव मुलांना येथे मिळतो. कीर्तनकार ध्वनिक्षेपकाशिवाय देवळाच्या सभामंडपात कसे बोलत असत, याची आठवण गावातील एखाद्या वृद्ध कीर्तनकाराला वर्गात बोलावून करून देता येईल. निरूपण करताना ते कोठे थांबतात, कोठे आवाज खाली आणतात, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. विराम हाही भाषणाचाच भाग आहे, हे त्यातून समजते.

तिसरा अभ्यास : वस्तू आणि एक मिनिट

टेबलावर परिचयाची एक वस्तू ठेवावी. लातूर परिसरात ती मूठभर सोयाबीन किंवा तुरीची शेंग असू शकेल. अर्धापूरच्या बाजूला केळीचे पान, किनवटकडे कापसाचे बोंड. मुलाने उभे राहून त्या वस्तूविषयी एक मिनिट बोलावे. ती कोठून येते, घरात तिचे काय होते, तिच्या संबंधात कोणती अडचण येते, एवढे तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत. वस्तू हातात असल्याने मुलाची नजर व हात यांना आधार मिळतो. ज्या विषयाची माहिती शिक्षकापेक्षा मुलालाच अधिक आहे, असा विषय निवडल्यास भीती लवकर जाते. बोलून झाल्यावर वर्गातील दोघांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारावा. “माहीत नाही, विचारून सांगतो,” हे उत्तर पूर्ण ग्राह्य धरावे. खोटे उत्तर देण्यापेक्षा ते श्रेष्ठ आहे, ही शिकवण सभेत बोलणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडते.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

या दोन्ही जिल्ह्यांची भाषिक स्थिती ध्यानात घेतल्याशिवाय असा कोणताही उपक्रम यशस्वी होणार नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. उदगीर, निलंगा, देवणी या सीमावर्ती तालुक्यांत कन्नड ऐकू येते. किनवट व माहूर तालुक्यांत गोंड व कोलाम समाजाच्या भाषा आहेत, तांड्यांवर गोरमाटी आहे आणि नांदेडसारख्या शहरात उर्दू बोलणारा मोठा समाज आहे. ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांचीही बोली पुस्तकी मराठीहून निराळी आहे. “मी शाळेत जायलो,” असे म्हणणाऱ्या मुलाला वाक्याच्या मध्येच अडवून “जात आहे म्हण” असे सांगितले की व्याकरण सुधारते किंवा नाही हे सांगता येत नाही, पण मूल खाली बसते एवढे निश्चित.

म्हणून मूल बोलत असताना भाषेची दुरुस्ती करू नये, हा नियम शिक्षकाने स्वतःवर घालून घ्यावा. प्रथम मुलाने आपल्या घरच्या भाषेत एक मिनिट बोलावे, मग ती भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या मुलाने त्याचा मराठी आशय वर्गाला सांगावा आणि तिसऱ्या वेळी पहिल्याच मुलाने तो मराठीत मांडावा. प्रमाण मराठीचा परिचय या तिसऱ्या टप्प्यावर, सावकाश करून द्यावा. सभेत व अर्जात प्रमाण भाषा लागते हे खरे आहे. परंतु तिच्याकडे जाणारा रस्ता घरच्या भाषेतूनच जातो.

चौथा अभ्यास : म्हणणे, कारण, दाखला

सहावीपासून पुढे मुलांना तीन वाक्यांची शिस्त लावावी. पहिल्या वाक्यात आपले म्हणणे, दुसऱ्यात त्याचे कारण आणि तिसऱ्यात स्वतः पाहिलेला दाखला. “शाळेच्या नळाला झाकण हवे. उघड्या टाकीत कचरा पडतो. सोमवारी टाकीत पाने सापडली.” एवढी तीन वाक्ये सुबोध बोलता आली की त्यांचेच पुढे तीन परिच्छेद होतात. अनेक अनुभवी वक्त्यांच्याही भाषणात पुष्कळ कारणे असतात पण म्हणणे सापडत नाही. तो दोष लहानपणीच टाळता येतो.

याच्याच जोडीला आकड्यांनिशी बोलण्याचा सराव घ्यावा. लातूरकरांच्या स्मरणातील उदाहरण येथे उपयोगी पडेल. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणण्यात आले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केला म्हणजे माणशी सुमारे १.३ लिटर पाणी येते. पुढे गाड्या मोठ्या झाल्या व खेपाही वाढल्या. पण ‘पाच लाख लिटर’ आणि ‘माणशी सव्वा लिटरच्या आसपास’ ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत असूनही ऐकणाऱ्याच्या मनात भिन्न चित्र उभे करतात. प्रत्येक मुलाने गावातील एखादा आकडा घेऊन तो असा उलगडून सांगावा. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकावर बोलण्याची पूर्वतयारी यातून आपोआप होते.

पाचवा अभ्यास : पूर्वपक्ष

आपल्या शास्त्रपरंपरेत वादाची एक सुंदर रीत आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावयाचे, त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग आपले उत्तर द्यावयाचे. न्यायदर्शनाने सत्याच्या शोधासाठी चाललेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि केवळ खंडनासाठी केलेली वितंडा असा भेदही केला आहे. वर्गात या रीतीचा साधा उपयोग करता येतो. “मधल्या सुट्टीची वेळ वाढवावी की नाही” असा मुलांच्या जिव्हाळ्याचा विषय घ्यावा. दुसऱ्या बाजूने बोलणाऱ्याने आधीच्या वक्त्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत सांगावे आणि “तुला हेच म्हणावयाचे होते ना?” असे विचारावे. त्याने ‘होय’ म्हटल्यावरच आपले उत्तर द्यावे. पुढील आठवड्यात दोन्ही गटांच्या बाजू बदलाव्यात. गावातील कित्येक वाद एकमेकांचे म्हणणे पुरते न ऐकल्याने चिघळतात, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

सहावा अभ्यास : वर्गातील ग्रामसभा

वर्षातून तीन-चार वेळा वर्गाची ग्रामसभा भरवावी. केंद्रीय संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ पासून दिल्लीतील शाळांमध्ये युवा संसदेची स्पर्धा सुरू केली. तोच विचार गावाच्या मापाने राबविता येईल. मुलांमधून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) नेमावेत. विषयपत्रिका दोन दिवस आधी फळ्यावर लावावी. गणपूर्ती मोजावी, प्रत्यक्ष ग्रामसभेसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते, हे या निमित्ताने सांगावे. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते, त्याप्रमाणे वर्गातही मुलींची सभा आधी घ्यावी व तिचे म्हणणे मुख्य सभेपुढे ठेवावे. ठराव मांडणारा, अनुमोदन देणारा, शंका विचारणारा व इतिवृत्त लिहिणारा या भूमिका प्रत्येक वेळी बदलाव्यात. बोलण्याची मुदत दोन मिनिटे असावी आणि ती संपताच थांबावे. वेळेत थांबता येणे हाही सभाधीटपणाच होय.

या अभ्यासाचे महत्त्व मुलींच्या बाबतीत अधिक आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण ५० टक्के केले. आज वर्गात बसलेल्या मुलींपैकी काहीजणी उद्या सरपंच व सदस्य होणार आहेत. त्यांच्या खुर्चीवरून दुसऱ्याच कोणी बोलू नये, असे वाटत असेल तर त्यांच्या आवाजाला आजच सराव मिळाला पाहिजे.

संधी मिळाल्यास ग्रामीण स्त्री किती समर्थपणे बोलते, याचा प्रत्यय लातूर जिल्ह्याने घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. त्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून काम देण्यात आले. शासनाची योजना घराघरांत समजावून सांगणे आणि लोकांच्या अडचणी अधिकारी व अभियंत्यांपुढे मांडणे, हे त्यांचे काम होते. चारचौघांत बोलण्याची सवय नसलेल्या स्त्रियांनी ते आपत्तीच्या काळात शिकून घेतले. तीच गोष्ट शांततेच्या काळात, शाळेत शिकविण्यासाठी आपत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.

भीती आणि मूल्यमापन

या सर्व अभ्यासांत एक नियम कठोरपणे पाळावा. बोलणाऱ्याला कोणी हसावयाचे नाही. एकदा झालेले हसे मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. भीती घालविण्यासाठी श्रोत्यांची संख्या क्रमाने वाढवावी. प्रथम जोडीदार, मग चौघांचा गट, नंतर वर्ग आणि शेवटी परिपाठासाठी जमलेली सर्व शाळा. अडखळत बोलणाऱ्या मुलाला अधिक वेळ द्यावा. त्याचे वाक्य दुसऱ्याने पूर्ण करू नये. ऐकण्याची अडचण असलेल्या मुलाला खुणांनी किंवा चित्रांच्या साहाय्याने आपले म्हणणे मांडू द्यावे.

मूल्यमापनासाठी वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०१० च्या शासन निर्णयानुसार सुरू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची जी आठ साधने सांगितली आहेत, त्यांत ‘तोंडी काम’ हे एक आहे. शिक्षकाने वहीत प्रत्येक मुलापुढे चार रकाने आखावेत. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला काय, म्हणणे क्रमाने मांडले काय, कारण दिले काय, आणि प्रश्नाला उत्तर दिले काय? प्रत्येक वेळी सुधारणेसाठी एकच सूचना करावी. चार दोष एकदम सांगितल्यास एकही सुधारत नाही. मुलांमध्ये क्रमांक लावू नयेत. जूनमधील नोंद व मार्चमधील नोंद शेजारी ठेवली म्हणजे मुलाची प्रगती त्याला व पालकांना दिसते.

गावाचा वाटा

हा उपक्रम शाळेच्या भिंतीआड राहिल्यास त्याचा निम्माच उपयोग होईल. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा भरविण्याची प्रथा गावोगाव आहे. ग्रामपंचायतीने अशा सभेच्या प्रारंभी मुलांच्या ग्रामसभेतील एक ठराव दहा मिनिटांत मांडू द्यावा. तो शाळेच्या स्वच्छतागृहाचा असेल, रस्त्यावरील दिव्याचा असेल किंवा गावातील वाचनालयाचा असेल. ठराव मान्य होईल किंवा होणार नाही. परंतु मुलांना त्याचे उत्तर कारणासह मिळाले पाहिजे. आपण बोललो आणि कोणी तरी ऐकले, एवढा अनुभव पुढील बोलण्यास पुरेसे बळ देतो. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीच्या वेळी वह्यांबरोबरच कोणत्याही दोन मुलांचे एक मिनिटाचे बोलणे ऐकावे. शिक्षण परिषदेत या अभ्यासांची प्रात्यक्षिके ठेवावीत. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनीही आपल्या बैठकीत प्रत्येक सदस्याला बोलण्याची पाळी द्यावी, म्हणजे मुलांना सांगितलेली गोष्ट मोठ्यांनीही पाळली असे होईल.

ज्या भूमीत एके काळी सभा भरविण्यास परवानगी मागावी लागत होती, तेथे आज गावोगाव ग्रामसभा भरविणे कायद्याने बंधनकारक आहे. सभेचे दार उघडले, तरी आत उठून बोलणारी माणसे तयार करण्याचे काम शिल्लक राहते. त्यासाठी मोठा निधी किंवा नवी इमारत लागत नाही. रोजची दहा मिनिटे, फळ्यावरील तीन प्रश्न आणि ऐकून घेणारा एक शिक्षक एवढ्यावर ते सुरू होऊ शकते. परीक्षेच्या तयारीत जी चिकाटी या दोन जिल्ह्यांनी राज्याला दाखविली, तिचा थोडा अंश या कामाकडे वळला तर त्याचा लाभ मुलांना होईलच, आणि गावाच्या इतिवृत्तात आजवर न आलेल्या कित्येक अडचणींचीही नोंद होऊ लागेल.